सुवाच्य हरकती

९ जानेवारी

कालव्यावरच्या पुलाला आज नगरपरिषदेने नोटीस चिकटवली. पूल धोकादायक झाला आहे, तो पाडण्यात येईल, नवा बांधण्याचा विचार निधी मिळेल तसा होईल, कोणाची हरकत असल्यास एकतीस तारखेपर्यंत लेखी कळवावी. निधी मिळेल तसा म्हणजे काय, ते इथे पोरासोरांनाही कळतं. वाचनालयाची नवी इमारतसुद्धा निधी मिळेल तशी होणार होती. तिथे आज मोटारी उभ्या राहतात.

नोटीस उभ्याने वाचली, घरी आले, लाल पेन घेतलं आणि परत गेले. अकरा चुका काढल्या. तळाला मुंगीएवढ्या टायपात कसलीशी टीप होती, तिच्यातल्या दोन चष्मा बदलून काढल्या. छत्तीस वर्षं भाषा शिकवल्यावर हात गप्प बसत नाही, त्याला मी काय करू?

संध्याकाळी वन्सं दुकानातून आल्या. पुलाच्या मधोमध एक पत्रा सैल आहे. त्यावर पाय पडला की खण्णकन वाजतो आणि आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. तो वाजला की मी चहा टाकते. (त्या पत्र्याबद्दल नगरपरिषदेला आजवर सहा पत्रं लिहिली. एकाला उत्तर नाही.) हे जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच. वन्संचे यजमान फार लवकर गेले, त्या वीस वर्षं इथेच आहेत. पलीकडच्या टोकाला त्यांचं कपाटाएवढं दुकान आहे. चेन बसवायची, पँट आखूड करायची, उसवलेलं शिवून द्यायचं.

"पूल पाडणार म्हणे," मी म्हटलं.

"वाचलं मी. मग मी जाऊ कुठून?"

"मी पाडू देईन तर ना."

त्यांनी चहाचा कप उचलला. वन्सं मुळातच अबोल. मोठ्या रस्त्याच्या पुलावरून गेलं तर अडीच किलोमीटर पडतं आणि त्यांचा उजवा गुडघा आमच्या चार पायऱ्यांचे कष्टसुद्धा बोलून दाखवतो. दुकान सुटलं तर दिवसभर घरी बसून करणार काय? मी तर म्हणते करायला पुष्कळ आहे. पण त्यांना ते दुकान म्हणजे जीव की प्राण.

११ जानेवारी

आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे गेले. माझाच विद्यार्थी, पाचवी ब. सगळा भाग त्याला 'होऊन जाईल' म्हणतो, कारण गटार तुंबो की दिवे जावोत, तो छातीवर हात ठेवून हेच म्हणतो. मला बघून खुर्चीतून उठला. शाळेत असताना कधी उठला नव्हता.

"बाई, तुम्ही कशाला आलात, मीच आलो असतो."

"पुलाचं काय?"

"बाई, कालव्याकाठी सुशोभीकरण आहे. बाकं, दिवे, झाडं. तुम्हालाच फिरायला होईल."

"आणि पलीकडे जायला?"

"लोकांच्या हरकती येऊ द्या ना. शंभर हरकती आल्या तर समितीला विचार करावाच लागेल. हरकती आल्या की होऊन जाईल."

शंभर म्हणाला ना? मी दोनशे आणते.

१६ जानेवारी

पाच दिवस दारोदार फिरते आहे. आमच्या दोन गल्ल्या, पलीकडच्या तीन. लोक लिहायला तयार आहेत हे विशेष. आज एकाहत्तर पत्रं जमली.

पण काय ती पत्रं! कोणी वहीचं पान फाडून, कोणी औषधाच्या कागदाच्या पाठीवर. मायना नाही, विषय नाही, तारीख नाही. इस्त्रीवाल्याने सगळं पत्र एका वाक्यात लिहिलं आहे आणि ते वाक्य संपतच नाही. प्लंबरचं बघा: "माझी आई पलीकडे राहते तिला दिसत नाही मी दोन वेळ डबा नेतो पत्रा वाजला की तिला कळतं मी आलो मग ती उठून दार उघडते." याचा हरकतीशी संबंध काय? पत्र्याचा आवाज हा काय मुद्दा झाला? समासात लाल पेनने लिहिलं, 'पाल्हाळ. विषयाला सोडून.' आणि दहापैकी तीन दिले. हसूही आलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी पेन आपोआप चालतं.

असली पत्रं साहेब लोकांच्या टेबलावर गेली तर ते नाक मुरडणार आणि म्हणणार, अडाणी लोकांचा कालवा आहे. माझ्या भागाची अब्रू मी अशी जाऊ देणार नाही.

१७ जानेवारी

ठरलं. सगळी पत्रं मी नीट लिहून काढणार. मजकूर तयार केला: "सदर पूल हा दोन्ही तीरांवरील नागरिकांच्या दैनंदिन दळणवळणाचा एकमेव सुलभ मार्ग असून तो पाडल्यास जनतेची घोर गैरसोय होईल, सबब या प्रस्तावास माझी तीव्र हरकत आहे." दोनदा मोठ्याने वाचला. वन्सं मशीनचं तेल पुसत बसल्या होत्या.

"कसं वाटतं?"

"चांगलं आहे. पण हे कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? सगळेच."

"बरं," म्हणाल्या.

२४ जानेवारी

रोज पंचवीस-तीस. बोरू असता तर बोरूने लिहिलं असतं. जेवणाच्या टेबलावर आता जेवणाला जागा नाही, आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. उजव्या हाताचं मधलं बोट बधिर झालं आहे, पण एका पानावर खाडाखोड नाही. शेवटची ओळ पहिलीइतकीच सरळ. हे हल्ली कोणाला जमतं?

लिहून झालेली पत्रं घेऊन सह्यांसाठी पुन्हा फिरते. बहुतेक जण न वाचता सही करतात. प्लंबरने मात्र वाचलं.

"बाई, यात माझी आई कुठेय?"

"नागरिक म्हटलंय ना? आई नागरिकातच आली."

त्याने सही केली. निघताना मी त्याला आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून सांगितलं, तर उद्या येतो म्हणाला.

२८ जानेवारी

एकशे सत्त्याऐंशी झाली. वन्संना म्हटलं, तुमचं तेवढं राहिलं, मी लिहिते, तुम्ही सही करा.

"माझं राहू द्या, वहिनी."

"राहू द्या कसं? दुकान कोणाचं जाणार आहे?"

"माझं मी बघीन."

जिच्यासाठी हा सगळा आटापिटा, तिचं हे उत्तर! मला राग आला आणि मी तो दाखवला. एवढी पत्रं कोणासाठी लिहिते आहे मी, माझ्या हौसेसाठी? त्या उठून अंथरूण घालायला गेल्या. घरचंच माणूस असं वागतं तेव्हा बाहेरच्यांना काय बोलायचं.

३० जानेवारी

गठ्ठा दिला. खिडकीतल्या बाईने पोच दिली आणि वरचं पत्र बघून म्हणाली, "अक्षर काय सुंदर आहे हो!" घरी येताना पुलावर उभी राहिले. मधला पत्रा मुद्दाम वाजवला. हा पूल आता वाचणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

१८ फेब्रुवारी

आज सुनावणी झाली. लिहू नये असं वाटतंय, पण इथे नाही लिहिलं तर मग कुठे लिहायचं?

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. इस्त्रीवाला दुकान बंद ठेवून आला होता, प्लंबर कामाच्या कपड्यांत. समितीचा अध्यक्ष म्हणून 'होऊन जाईल' बसला होता. हे त्याने मला तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्याने माझा गठ्ठा उचलला आणि पत्त्यांसारखी पानं बोटाने फर्रकन सोडली.

"बाई, हे अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखेन. माझ्या प्रगतिपुस्तकावर याच अक्षरात 'मंद' लिहिलं होतं."

लोक हसले. मीही हसले, वाटलं गंमत करतो आहे. मग त्याने पुलावरची नोटीस काढली, माझ्या लाल खुणांसकट. शिपायाने ती सोलून जपून ठेवली होती.

"तळाची टीप वाचतो. 'एकाच आशयाच्या व एकाच हस्ताक्षरातील हरकती ही एकच हरकत धरण्यात येईल.' बाई, ही तुम्ही वाचली होती. दोन चुकासुद्धा काढल्यात."

मला क्षणभर त्याचं म्हणणं समजलंच नाही. मग समजलं. एकशे सत्त्याऐंशी माणसं आणि हरकत एक.

मी उभी राहिले. म्हटलं, लोकांनी स्वतः लिहिलेली मूळ पत्रं माझ्याकडे आहेत, हवी तर बघा. पिशवीतच होती. मुदत संपली आहे, घेता येणार नाहीत, असं म्हणून त्याने ती घेतली मात्र, आणि चाळायला लागला. मग एक वर काढलं.

"'पत्रा वाजला की तिला कळतं मी आलो.' आणि शेरा आहे, 'पाल्हाळ. विषयाला सोडून.' दहापैकी तीन." त्याने चष्म्यावरून सभागृहाकडे बघितलं. "बाई, आम्ही निदान मार्क तरी देत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. प्लंबर माझ्या मागच्या रांगेत होता. मी वळून बघितलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग आणखी. सुनावणी संपली तेव्हा पुढच्या रांगेत मी आणि वन्सं दोघीच उरलो होतो.

घरी येताना वन्सं एवढंच म्हणाल्या, "हात धरा, वहिनी, अंधार पडलाय."

सूड घेतला त्याने माझ्यावर. पाचवी ब मध्ये बाकावर उभा केला होता त्याचा. माणूस किती वर्षं मनात ठेवतो!

२१ फेब्रुवारी

नळ गळतोच आहे. प्लंबरला तीनदा निरोप धाडला. इस्त्रीवाल्याने कपडे परत पाठवले, इस्त्री न करता, नीट घडी घालून. वर चिठ्ठी: "बाई वेळ नाही." याला मी किती मार्क दिले होते, आता आठवत नाही.

मी यांच्यासाठी बोटं मोडेपर्यंत लिहिलं. उपकाराची फेड अशी असते. समासात चार शब्द लिहिले तर एवढं काय आभाळ कोसळलं? ते माझ्यापुरते होते. ते चारचौघांत वाचले कोणी, मी का?

२ मार्च

निकाल टपालाने आला. "प्राप्त हरकती: दोन. दोन्हींचा साकल्याने विचार करून त्या फेटाळण्यात येत आहेत."

दोन? एक माझी. दुसरी कोणाची? पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरची असावी, तो माणूस शिकलेला आहे. गंमत बघा, त्याने एक कागद खरडला आणि तो माझ्या एकशे सत्त्याऐंशी कागदांच्या तोलाचा ठरला.

वन्संना विचारलं, "दुसरी कोणाची असेल हो?"

त्या सुईत दोरा ओवत होत्या. "असेल कोणाची तरी."

१९ मार्च

गॅसकटरने दोन दिवसांत पूल उतरवला. पहिला गेला तो मधला पत्रा. कामगाराने तो हाताने उचलून बाजूला टाकला, इतका तो सुटा होता.

काल वन्सं बसने गेल्या, दोन बस बदलून. परत आल्या तेव्हा आठ वाजले होते आणि गुडघा हा एवढा सुजला होता. मी शेक दिला.

रोज चहा कधी टाकायचा, तेच कळत नाही.

६ एप्रिल

वन्सं गेल्या. दुकानाच्या मागे एक खोली आहे, खिडकी आहे, मोरी आहे, म्हणे पुरेल. मी म्हटलं, या वयात एकट्या? दुखलंखुपलं तर कोण बघणार? लोक काय म्हणतील, भावजयीने बाहेर काढलं?

"लोकांना मी सांगीन, वहिनी."

"काय सांगाल?"

"पूल गेला म्हणून."

टेम्पोत एक ट्रंक, मशीन आणि यांच्या लहानपणीचा दोघा भावंडांचा फोटो. टेम्पो प्लंबरने आणला होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, पण ट्रंक उचलताना वन्संना म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसत्या बसा." याच्या मावशी कधी झाल्या या?

घर एवढं मोठं आहे हे आज लक्षात आलं.

२० एप्रिल

कालव्याकाठी पहिलं बाक बसवलं. तिथे बसलं की समोर वन्संचं दुकान दिसतं. आज तासभर बसले. दुकानात चार बायका होत्या आणि वन्संचे हात सारखे हलत होते, कसली तरी नक्कल करत होत्या. बायका पोट धरून हसत होत्या. वन्सं अशा कधीपासून झाल्या? चांगल्या संगतीत नसाव्यात.

मी हात केला. कालव्याचं पात्र तिथे रुंद आहे, दिसलं नसेल.

११ मे

माहितीचा अर्ज केला होता, त्याप्रमाणे आज पुलाची सगळी फाइल बघायला मिळाली. ती दुसरी हरकत कोणाची ते बघायचं होतं, आणि नगरपरिषदेचा खोटेपणा कुठेतरी सापडेल अशी आशा.

फाइलच्या सुरुवातीला 'पूल धोकादायक असल्याबाबत स्थानिकांच्या वारंवार लेखी तक्रारी' अशी चिठ्ठी लावलेली सहा पत्रं होती. सहाही माझी. 'सदर पत्रा कोणत्याही क्षणी निखळून प्राणहानी संभवते.' प्राणहानी मीच लिहिलं होतं, नुसतं 'वाजतो' लिहिलं तर कोणी दखल घेत नाही म्हणून. खिडकीतल्या बाईने परत म्हटलं, "अक्षर काय सुंदर आहे हो!"

शेवटी ती दुसरी हरकत होती. पिवळा कागद, पेन्सिल, ओळी उताराला लागलेल्या. सही बघितली आणि तिथेच बाकावर बसले. नक्कलप्रत मागून घेतली. इथे उतरवून ठेवते:

"साहेब, मी पुलाच्या पलीकडे शिवणकाम करते. पूल पाडला तर माझं दुकान बंद होईल, कारण माझा गुडघा मला लांबचं चालू देत नाही. मग मला दिवसभर घरी बसावं लागेल. घर वहिनींचं आहे. वहिनी वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्या रात्र रात्र जागल्या आहेत. पण मी काही बोलले की त्या माझं वाक्य दुरुस्त करतात. म्हणून मी घरी बोलत नाही. दुकानात दिवसभर बोलते. लोक म्हणतात मी खूप हसवते. वहिनींना हे माहीत नाही. संध्याकाळी मी पुलाच्या मधे थांबते, उरलेलं बोलणं मनात संपवते, आणि मग मधला पत्रा मुद्दाम वाजवते म्हणजे त्या चहा टाकतात. तो चहा मला आवडतो. पूल असला तर मला दोन्हीकडे राहता येतं. हे पत्र मी वहिनींना दाखवलेलं नाही. दाखवलं तर त्या ते चांगलं लिहून देतील."

घरी येऊन रडले. दार लावून, मोठ्याने, लहान मुलासारखी. वीस वर्षं, आणि मला कळू नये? उद्याच जायचं. दोन बस बदलायच्या तर बदलायच्या. त्यांना सांगायचं, या घरी, बोला काय बोलायचं ते, मी चकार शब्द काढणार नाही.

वर उतरवताना वाक्यं तेवढी सुटी केली आहेत, मुळात ती एकात एक घुसली होती. मायना राहिला होता, तो घातला. शेवटी आणखी दोन ओळी होत्या, माझ्याबद्दलच, पण त्या विषयाला सोडून होत्या, म्हणून घेतल्या नाहीत.